घरी बनवलेलं सनबोर्डचं विमान : ड्रोनचे नियम यालाही लागतात का? (उलवे, नवी मुंबई)

बिलऑफएन्ट्री (उलवे)

नमस्कार मंडळी. थोडक्यात विचारायचं होतं, पण थोडक्यात होणार नाही.

मी उलव्यात राहतो, लेक आठवीत आहे. डिसेंबरात नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि आमच्या गच्चीला एकदम भाव आला. अभ्यासाचं पुस्तक घेऊन वर जायचं आणि उतरणाऱ्या विमानांचे शेपटीवरचे रंग ओळखत बसायचं, हा रोजचा उद्योग. त्यातून "आपण एक बनवू या" निघालं आणि आम्ही दोघांनी मिळून खरंच बनवलं. सनबोर्डचं (फोमचा कडक पुठ्ठा), वरती पंख असलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत मीटरभर. पुढे ब्रशलेस मोटर, तीन सेलची लिपो बॅटरी, पंखांना दोन सर्वो (दिशा वळवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि शेपटीला दोन. सांध्यांना ग्लू गन, पंखाच्या पुढच्या कडेला पॅकिंगची ब्राऊन टेप (ऑफिसातली, कुणाला सांगू नका). कॅमेरा नाही, जीपीएस नाही, काही नाही.

गेल्या रविवारी सकाळी जवळच्या मोकळ्या प्लॉटवर घेऊन गेलो. अजून उडवलंही नव्हतं, जमिनीवरच मोटर फिरवून बघत होतो, तेवढ्यात बीट मार्शलची बाइक आली.

"ड्रोन आहे का?"
"नाही साहेब, विमान आहे."
"मग तर आणखीच वाईट."

नाव-पत्ता लिहून घेतला. बोलले व्यवस्थित, पोरीला विमान कसं बनवलं तेही विचारलं. पण इथे नको म्हणजे नको. कुठे चालेल ते त्यांनाही सांगता येईना.

तर प्रश्न असा, की कॅमेरा नसलेलं, हातात रिमोट धरून डोळ्यांसमोर उडवायचं विमान कायद्याने ड्रोन होतं का? होत असेल तर आमच्यासारख्याने नेमकं करायचं काय? लायसन्स, नोंदणी, पोलिसांची परवानगी? आणि नवी मुंबईत कुठे उडवता येतं की विषयच संपला?

एक गोष्ट मात्र कृपया सांगू नका, ती म्हणजे आयात. मी न्हावा-शेव्याच्या कामात आहे, कस्टम क्लिअरिंग. दुबईचा मेहुणा भाचीसाठी तयार ड्रोन आणतो म्हणत होता, त्याला मीच अडवला. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने परदेशी ड्रोन आणायला बंदी आहे, मग तो अख्खा असो की उघडून किट म्हणून आणलेला. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठीच तेवढी परवानगीने सूट. सुटे भाग मात्र येतात. मेहुणा म्हणे, "अरे, इथे विमानतळावरच्या दुकानात मिळतो!" त्या दुकानात काय मिळतं आणि आपल्या ग्रीन चॅनलमधून काय सुटतं, याचा एकमेकांशी काही संबंध नसतो हे त्याला पटवता पटवता माझा एक जेवणाचा डबा गार झाला.

---

मोकळं_आकाश (कामोठे)

काही होत नाही दादा. सगळे उडवतात. लग्नात बघा, हळदीपासून ड्रोन असतो. सकाळी सहाला जायचं, दहा मिनिटं उडवायचं, डिकीत टाकायचं. पोलिसांना तेवढाच उद्योग आहे का?

---

जुनाबालसा (ठाणे, चरई)

मोकळं आकाश, तुमच्या हँडलसारखं आकाश कामोठ्यावर आता राहिलेलं नाही. तुम्ही विमानतळाच्या कुंपणाजवळ राहता. तिथे सकाळी सहाला उतरणाऱ्या विमानात दीडशे-पावणेदोनशे माणसं असतात. हा सल्ला कुणाच्या आठवीतल्या पोरीच्या बापाला देऊ नका.

बिलऑफएन्ट्री, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, लागतात. तो पोलीस गमतीत बोलला असेल, पण बरोबर बोलला. ड्रोन नियम, २०२१ मध्ये माणूस आत न बसता दुरून किंवा आपोआप चालणारं प्रत्येक विमान येतं. त्याचे तीन प्रकार दिलेत आणि त्यातला पहिलाच एरोप्लेन आहे. मग रोटरक्राफ्ट, म्हणजे लोक ज्याला ड्रोन म्हणतात ते चार पंख्यांचं, आणि मग दोन्हींचं मिश्रण. कॅमेरा आहे की नाही हे कुणी विचारतच नाही.

मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना दोन तारांवर बांधलेलं बालसाचं विमान स्वतःभोवती गोल फिरवायचो. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारं डिझेल इंजिन, बोटाने पंखा फिरवून सुरू करायचं. घरी आल्यावर आई शर्ट बाहेरच काढायला लावायची. तेव्हा परवानगी म्हणजे मैदानाच्या माळ्याची. मग रेडिओ आला, मग चिनी मोटरी स्वस्त झाल्या, मग ड्रोन आला आणि सरकार दचकलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) एक नोटीस काढून खासगी उड्डाणं सरसकट बंद केली. १ डिसेंबर २०१८ पासून पहिले नियम लागू झाले, मार्च २०२१ मध्ये दुसरे आले. ते इतके किचकट होते की पाच महिन्यांत सरकारनेच मोडीत काढले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आत्ताचे आणले. फॉर्म पंचविसावरून पाचावर आले. माझं मत विचाराल तर हे नियम वाचण्यासारखे आहेत. छंदाला त्यांत जागा ठेवलेली आहे, ती लोकांना माहीत नाही एवढंच.

ती जागा म्हणजे 'मॉडेल' ही व्याख्या. २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी वापरलं जाणारं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलं जाणारं. तुमचं विमान अगदी तेच. कंपनीच्या ड्रोनला जे टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीला मंजुरीचा दाखला, लागतं ते याला लागत नाही. हे नसतं तर घरी काही बांधणंच बंद झालं असतं.

आता वजन. बॅटरीसकट, टेपसकट, उडताना जे असेल ते सगळं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो. त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. मीटरभराच्या सनबोर्डच्या विमानात एकट्या बॅटरीचंच वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास असतं, तेव्हा तुमचं मायक्रोमध्ये जाणार हे न मोजता सांगतो. गंमत बघा, मेहुण्याचा तो दुमडून खिशात बसणारा कॅमेऱ्याचा ड्रोन २४९ ग्रॅमचा असतो आणि विम्यातून सुटतो, तुमच्या पोरीच्या पुठ्ठ्याच्या विमानाला मात्र जास्त सोपस्कार. पण वरून डोक्यात पडलं तर काय जास्त लागेल याचा विचार केला की नियम पटतो.

मायक्रो छंदासाठी उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. २ किलोच्या वर गेलात तर लागतं. नोंदणी करून यूआयएन (विमानाचा ओळख क्रमांक) घ्यायचा, डी-२ फॉर्म, फी १०० रुपये. आधी हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर व्हायचं, आता डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर होतं. नोंदणी तुमच्या नावावर करा. थर्ड पार्टी विमा लागतो, यातून फक्त नॅनो सुटलेत. कुणाला लागलं, काही अपघात झाला तर ४८ तासांत कळवायचं. नियम मोडल्याचा दंड एक लाखापर्यंत.

आणि आता खरा मुद्दा, जागा. वजन कितीही असो, नॅनो असो, जागेचा नियम कुणालाच सुटत नाही. डिजिटल स्कायवर नकाशा आहे, तो बघायला लॉगिन लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत लाल. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही नाही, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी नाहीच. ५ ते ८ पिवळा, तिथे एटीसीची, म्हणजे विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. ८ ते १२ मध्ये जमिनीपासून ६० मीटरपर्यंत हिरवा, त्याच्यावर पिवळा. १२ च्या पलीकडे १२० मीटरपर्यंत हिरवा, जर दुसरं काही आड येत नसेल तर. हिरव्यात परवानगी लागत नाही.

तुमचं उलवे विमानतळाला खेटून आहे. तिथे विषय संपला, वाईट वाटून घेऊ नका. वाशीकडे सरकलात तर खाडीपलीकडे बीएआरसी आणि मुंबई विमानतळाची वर्तुळं. आम्ही ठाणेकर विमानतळांपासून लांब, पण कोलशेतला हवाई दल, येऊरला हवाई दल आणि वर राष्ट्रीय उद्यान. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी. नकाशा दर वेळी, निघण्याआधी, उघडून बघायचा. नियमातच तसं लिहिलंय, कारण तात्पुरता लाल झोन पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत जाहीर करू शकतो. पंतप्रधान येणार असले की हमखास.

---

ॲड_बेलापूर

जुनाबालसा यांनी बहुतेक सगळं सांगितलं. एक भर घालतो, कारण माझ्याकडे येणारे लोक नेमके इथेच अडकतात.

डिजिटल स्कायचा नकाशा हिरवा आहे म्हणजे काम झालं असं नाही. पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४) मनाई आदेश काढतात आणि त्यात ड्रोन, पॅराग्लायडर, मायक्रोलाइट, हॉट एअर बलून वगैरे एका दमात लिहिलेलं असतं. असा आदेश एरवी दोन महिन्यांच्या वर चालत नाही, पण संपला की नवा निघू शकतो. तो त्या नकाशावर दिसेलच असं धरून चालू नका. आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर आणि समाजमाध्यमांवर बघा. मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं, आणि तिथे "नकाशा हिरवा होता" हा बचाव होत नाही.

हद्दही लक्षात घ्या. पनवेल, उरण नवी मुंबई आयुक्तालयात. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ठाणे आयुक्तालयात. मुरबाड, शहापूर ठाणे ग्रामीणमध्ये, तिथे आयुक्त नाही, अधीक्षक. शहरातला आदेश तिथे आपोआप लागू होत नाही. तिथला वेगळा बघायचा.

जाता जाता : जुने लोक अजून 'विमान कायदा १९३४' म्हणतात. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. ड्रोन नियम मात्र त्याने रद्द झालेले नाहीत.

---

शटर_पनवेल

लग्नाचा विषय निघाला म्हणून. मी तोच हळदीचा ड्रोनवाला. सर्टिफिकेट काढलंय, विमा आहे, आणि विमानतळ सुरू झाल्यापासून पनवेलच्या निम्म्या हॉलना मी सरळ नाही म्हणतो. गिऱ्हाईक चिडतं, दुसऱ्याकडे जातं. जे 'काही होत नाही'वाले आहेत त्यांच्यामुळे आमच्या धंद्याचं नाव खराब होतं, असो.

दादा, तुमच्यासाठी महत्त्वाचं इतकंच की पैसे घेतले की छंद संपला. मायक्रोला सर्टिफिकेटची सूट फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे. उद्या त्या विमानावर कॅमेरा लावून सोसायटीच्या बिल्डरला व्हिडिओ विकलात तर तुम्ही माझ्या रांगेत आलात.

---

खाडीकाठ (ऐरोली)

सगळे नकाशे बघून झाल्यावर कुणीतरी म्हणणार की ऐरोली दोन्ही विमानतळांपासून लांब आहे, चला खाडीवर. म्हणून आधीच लिहून ठेवते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ पासून, आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वन्यजीव संरक्षण कायदा तिथे आहेच. ओहोटीला चिखलावर हजारो फ्लेमिंगो खात असतात. वरून काहीही घरघरत आलं की त्यांना ती घार किंवा गरुड वाटते आणि अख्खा थवा उठतो. एकदा उठला की तासभर खाणं गेलं. भरती काही त्यांच्यासाठी थांबत नाही. नोव्हेंबर ते मे तर अजिबात नको. बाकीच्या महिन्यांतही नको. सीवूड्सच्या तळ्याकडेही नको, तिथे त्यांचे हाल आधीच पुरेसे आहेत.

पोरीला विमानं आवडतात तर तिला दुर्बीण घेऊन ओहोटीला आणा. फ्लेमिंगो उतरताना बघितला की तिला फ्लॅप (उतरताना विमानाच्या पंखाची खाली झुकणारी मागची कड) म्हणजे काय ते कळेल.

---

बिलऑफएन्ट्री (उलवे)

सगळ्यांचे आभार. खाडीकाठ ताई, दुर्बिणीचं नक्की.

किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर विमान ठेवलं. पंख बाहेर आले म्हणून त्याने तुरीच्या डाळीचं पोतं सरकवलं आणि विचारलं, "काय भाव?" ६४० ग्रॅम, बॅटरी धरून. म्हणजे मायक्रो. नकाशा पण बघितला, आमचं घर लाल रंगाच्या एवढं आत आहे की कडा शोधायला बोटाने बराच वेळ सरकवावा लागला. लेक म्हणाली, "बाबा, आपण रेडमध्ये राहतो, किती भारी!" तिला वाईट वाटायला हवं होतं.

दोन शंका राहिल्या. १२० मीटर म्हणजे किती हे उडवताना कसं कळायचं? माझ्या विमानात उंची दाखवणारं काही नाही. आणि मुरबाडकडे जायचं ठरवलं तर जागा कशी बघायची? माझे सासरे तिकडचे, शेत आहे, पण ते म्हणतात, "विमान उडवायला पोलीसपाटलाला विचारावं लागेल."

---

जुनाबालसा (ठाणे, चरई)

सासऱ्यांचं शेत आहे आणि तुम्ही इथे विचारत बसलात?

पोलीसपाटलाला जरूर विचारा. कायद्यात ते लिहिलेलं नाही, पण गावात आकाशातून काहीतरी घरघरत गेलं की पहिला फोन त्यालाच जातो. त्याला आधी माहीत असेल तर तोच लोकांना सांगेल, "जावयाचं विमान आहे." मध्यंतरी रात्रीचे दिवे दिसले की चोरांचे ड्रोन, अशा अफवांनी कितीतरी गावं जागत होती, तुम्हाला आठवत असेल. अशा वेळी अनोळखी माणसाने हातात रिमोट धरून बांधावर उभं राहू नये. उजेडीच उडवा.

जागा म्हणजे भात कापून झालेली खाचरं. बांध असतात, त्यामुळे चाकांवर उतरायचा नाद सोडा, चाकं काढूनच टाका, वजनही वाचेल. पोटावर उतरवायचं. जमीन कडक असते, तर प्रॉप (मोटरीवरचा पंखा) रबर बँडने अडकवलेला ठेवा म्हणजे आपटला की मागे जाईल, तुटणार नाही. वरून उच्च दाबाच्या तारा जात नाहीत ना ते बघा. जवळ घरं, गुरं, रस्ता नको. सकाळी सात ते नऊ. दुपारनंतर वारा उठतो आणि पहिल्या विमानाला वारा म्हणजे शिक्षा. घारींवर लक्ष ठेवा. त्या झेपावल्या तर उतरवा, झुंजू नका. मी जिंकणारी घारच बघितली आहे.

उंचीचं सांगतो. तुमचा पंख एक मीटरचा. विमान सरळ वर १२० मीटरवर असेल तर हात लांब करून धरलेल्या कोलम तांदळाच्या दाण्याएवढा तो पंख दिसतो. तेवढा बारीक झाला की मर्यादा आली. खरं तर त्याच्या कितीतरी आधी, साधारण ५०-६० मीटरवरच तुम्हाला कळेनासं होतं की विमान येतंय की जातंय, आणि तिथेच नवशिके गडबडतात. पंखाच्या खालच्या बाजूला एका टोकाला लाल टेप लावा, दुसऱ्याला काळी. ब्राऊन टेप आकाशात दिसत नाही. घोडबंदरच्या चाळीस मजली इमारतीकडे एकदा मान वर करून बघा, साधारण तेवढीच ही मर्यादा.

लेकीला पुढचं विमान लहान बांधायला सांगा. डेप्रॉनचं (हलका फोम), साठ-सत्तर सेंटिमीटरचं, दोन सेलची छोटी बॅटरी. नीट हाताने २५० ग्रॅमच्या आत बसतं. मग विमाही नको. आणि अडीचशेच्या आत बसवायचं म्हटलं की ग्लू गनचा एकेक थेंब मोजायला लागते पोर, तेच खरं शिक्षण. ग्लू गन फार वजन टाकते, फोमला चालणारा गोंद वापरा.

नोंदणी आणि विम्याचं आधी करून घ्या, मग शेत.

निघण्याआधी घरी एक करा. प्रॉप काढा. काढाच, बोटं दहाच असतात. मग विमान चालू करून मोटर अर्ध्यावर ठेवा आणि रिमोट बंद करा. मोटर ताबडतोब थांबली पाहिजे. काही स्वस्त रिसीव्हर सिग्नल गेला की शेवटचाच हुकूम धरून बसतात. तसं झालं तर विमान मोटर चालू ठेवून सरळ जात राहतं. मोटर थांबली नाही तर रिसीव्हरचं फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर मोटर बंद करण्याची सोय, सेट करायचं. बटण कुठलं ते मॉडेलनुसार बदलतं, तुमचा कुठला आहे ते लिहा, सांगतो.

---

बिलऑफएन्ट्री (उलवे)

आत्ताच केलं. मोटर थांबली नाही. रिसीव्हरचा फोटो टाकतो.